‘का’ : एक अक्षर, किती भाषा?

अक्षरवेडी :
मंडळी, एका अक्षराने माझी जुनी मैत्री दोन दिवस बंद पाडली. मैत्रिणीचा मेसेज आला, ‘तिला सांगितलं नाहीस का?’ मी ते वाचलं असं : सांगितलंस की नाही? म्हणून प्रामाणिकपणे ‘नाही’ एवढंच लिहिलं आणि कामाला लागले. तिने विचारलं होतं ते असं : का नाही सांगितलंस? तिच्या लेखी मी एका शब्दात तिला उडवून लावलं होतं. समोरासमोर असतो तर ‘का’वरचा जोर ऐकून कळलं असतं. लिहिताना जोर गळतो, उरतो तो नुसता बोडका ‘का’.

हे डोक्यात घोळत असतानाच जपानीचा तास झाला. (नुकतीच शिकायला लागलेय, हसू नका.) जपानीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो. ‘इकिमासु’ म्हणजे जाते, ‘इकिमासु का’ म्हणजे जातेस का. जागा तीच, उच्चार तोच, काम तेच! मी वर्गात जवळजवळ ओरडलेच.

तर प्रश्न दोन. हा निव्वळ योगायोग आहे की कुठेतरी नातं आहे? आणि तुम्हाला येणाऱ्या किंवा कानावरून गेलेल्या भाषांत ‘का’ आहे का, असला तर त्याचा अर्थ काय? अट एकच, शब्द ‘का’ एवढाच हवा. ‘काका’ आणि ‘कागद’ बाद.

तिरकस :
का?

मितभाषी :
+१

अक्षरवेडी :
@तिरकस, पहिला प्रतिसाद हाच येणार याची खात्री होती. @मितभाषी, +१ कशाला? धाग्याला की त्याच्या ‘का’ला?

मितभाषी :
हो.

शब्दखोर :
परदेशी जाण्याआधी घरचे ‘का’ मोजून घेऊ. ‘का आलास?’ इथे तो कारण विचारतो. ‘आलास का?’ इथे कारणाशी त्याला देणंघेणं नाही, नुसतं हो की नाही. ‘आज का उद्या?’ इथे तो ‘किंवा’. ‘कोणी का असेना’, ‘काही का होईना’ इथे तो प्रश्न विचारत नाही, उलट मिटवतो : कोणीही असो, मला फरक पडत नाही. ‘बरं का’मध्ये ऐकणाऱ्याचा कान धरून ठेवतो. ‘असं का!’ म्हटलं की नवल. तेच आवाज खाली आणून, शब्द लांबवून म्हटलं की ‘बघतेच तुझ्याकडे’. शिवाय ‘का-कू करणे’ आहे, ज्यात बिचारा ‘कू’ नुसता सोबतीला आलाय.

हिंदीतला ‘का’ मात्र आपला कोणी लागत नाही. ‘राम का घर’मधला का आपल्या ‘चा’च्या जागी बसतो. त्याचं मूळ संस्कृत ‘कृत’पर्यंत नेतात, मधल्या काळात ‘केर’, ‘केरा’ अशी रूपं सापडतात. आपला प्रश्नार्थक का ‘कः, का, किम्’च्या गोत्रातला. म्हणजे शेजारच्या दोन भाषा, दोघींचं मूळ एक, आणि तरी त्यांचे हे दोन ‘का’ एकमेकांना ओळखत नाहीत. जपानी का आपला मानण्याआधी हे ध्यानात ठेवा.

भोजपुरीतला मात्र सख्खा. ‘का हाल बा?’ म्हणजे काय हाल आहे.

रातराणी :
बरीच वर्षं जपानी भाषांतराचं काम करते आहे. अक्षरवेडी, तुझा आनंद आधी वाढवते आणि मग थोडा कमी करते.

‘सोओ का’ म्हणजे ‘असं का’. आवाज चढवला तर ‘असं का?’, उतरवला तर ‘अस्सं, कळलं’. अगदी आपल्यासारखं. ‘क्योओ का आशिता’ म्हणजे ‘आज का उद्या’, शब्दाला शब्द लावून बघ. ‘दारे’ म्हणजे कोण आणि ‘दारेका’ म्हणजे कोणीतरी. शब्दखोरांचा ‘कोणी का असेना’ इथे आठवायला हरकत नाही.

आता कमी करते. जपानी ‘का’ एकटा कधीच कारण विचारत नाही. त्यासाठी ‘नाझे’, ‘दोओशिते’ असे वेगळे शब्द आहेत. थोडक्यात, तुमचं भांडण जपानीत झालंच नसतं.

रच्याकने (जाता जाता), जपानीत ‘का’ म्हणजे डाससुद्धा. ‘का देसु का?’ म्हणजे ‘डास आहे का?’

तिरकस :
रात्री कानाशी येऊन ‘का? का?’ विचारत राहणारा प्राणी. नाव चोख ठेवलंय.

उंटावरचा_शहाणा :
यात योगायोग कसला? बौद्ध धर्म इथून चीनमार्गे जपानला गेला. बरोबर संस्कृत गेलं, संस्कृताबरोबर ‘का’ गेला. त्यांची वर्णमाला बघा : आ इ उ ए ओ, पुढे का की कु के को. ही आपली नाही तर कोणाची? पण मान्य करायला आपल्यालाच लाज वाटते.

कोऽहम :
शहाणेसाहेब, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार छान आहे.

जपानी वर्णक्रमावर संस्कृत वर्णमालेचा ठसा आहे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही संस्कृत लिहायची लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम बसला. स्वरांनंतर त्यांच्या ओळी येतात त्या अशा : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या क च त न प म य र व शी ताडून बघा. ‘च’च्या जागी ‘स’ आहे, कारण तेव्हाचा स च-कडे झुकलेला असावा असं मानतात. ‘प’च्या जागी ‘ह’ आहे, कारण तो ह मुळात प होता. कंठापासून ओठांकडे यायचा हिशेब आपलाच आहे.

पण वर्णांचा क्रम उसना घेणं वेगळं आणि प्रश्न विचारायची रीत उसनी घेणं वेगळं. आठव्या शतकातल्या जपानी कवितांत हा ‘का’ आहेच, आणि तिथे तो वाक्याच्या मधोमधही येतो, आला की पुढच्या क्रियापदाचं रूप बदलायला लावतो. उलट संस्कृतात वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून प्रश्न करायची सोयच नाही. तिथे ‘किम्’ किंवा ‘अपि’ बहुधा सुरुवातीला येतात. जे आपल्या कोठारात नव्हतंच ते पाठवलं कसं असेल?

अक्षराचा आकारही चिनी. जपानीच्या दोन्ही लिप्यांतला ‘का’ एकाच चिनी चिन्हापासून निघालाय, ज्याचा अर्थ ‘मिळवणे, भर घालणे’.

उंटावरचा_शहाणा :
म्हणजे क्रम आमचा हे मान्य. आज एवढं पुरे.

नॉर्डिक_नंदू :
नॉर्वेत सहा वर्षं काढली, त्यातली बहुतेक पश्चिम किनाऱ्यावर. पुस्तकातून नॉर्वेजियन शिकून गेलो होतो. पुस्तकात ‘काय’ला ‘व्हा’ असं काहीतरी होतं. तिथे पोचलो तर जो तो म्हणतोय ‘का?’ ‘का शेर?’ म्हणजे काय चाललंय. मला वाटलं, कान वाजतायत.

पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या बोलींत ‘का’ म्हणजे काय, ‘कोर’ म्हणजे कुठे, ‘केम’ म्हणजे कोण, ‘कोफ्फोर’ म्हणजे का (कारण विचारणारा). सगळे प्रश्न ‘क’ने सुरू! पहिल्या आठवड्यात मी निम्मे प्रश्न मराठीत विचारले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. (थोडी फोडणी घातलीय, पण थोडीच.)

हाही योगायोगच का?

आजोबा_ऑनलाइन :
नंदू, हा योगायोग नाही. हे नातं खरं आहे, फक्त वाट वाकडी आहे.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मनिक, स्लाव्ह या सगळ्यांच्या मूळ भाषेत प्रश्नवाचक सर्वनाम ‘क्व’सारख्या ध्वनीने सुरू होई. संस्कृतात त्याचा क झाला : कः, कदा, कुत्र. लॅटिनमध्ये तो ‘क्विस, क्विद’ असा टिकला. रशियनमध्ये ‘क्तो’ म्हणजे कोण, ‘काक’ म्हणजे कसं. जर्मनिक भाषांत मात्र जुन्या क चा ह झाला. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम याने हा बदल १८२२ मध्ये नियमात बसवून दाखवला. म्हणून जुन्या इंग्रजीत ‘ह्वॅट’ होतं, आजच्या ‘व्हॉट’ने तो ह लिहिण्यात जपलाय आणि बोलण्यात बहुतेक ठिकाणी सोडलाय.

आता तुमचे नॉर्वेकर. त्यांच्याकडेही ‘ह्व’च आला होता. पण पश्चिमेकडच्या बोलींत त्याचा पुढे ‘क्व’ झाला आणि काही शब्दांत व गळून नुसता ‘क’ उरला. आइसलँडचे लोक आजही लिहितात ह्व आणि बहुतेक बोलतात क्व. म्हणजे क चा ह झाला आणि ह चा फिरून क झाला. घर सोडून गेलेला मुलगा जग हिंडून त्याच दारात उभा राहावा, तसं. आपला का आणि नॉर्वेचा का एका घरातले, पण दोघांचं सारखं दिसणं हे वारशाने आलेलं नाही. ते नंतर जुळून आलंय.

लिथुआनियन तर याहून जवळची. त्यांच्यात ‘का’ म्हणजे काय, कर्माच्या विभक्तीत. ‘का तु दाराइ?’ म्हणजे ‘तू काय करतोस?’ संस्कृतातल्या ‘कम्’चा हा सरळ भाऊ. आणि गंमत अशी की तो लिहिताना आ-च्या खाली एक शेपटी काढतात. ती पूर्वीच्या नाकातल्या उच्चाराची खूण. उच्चार केव्हाच गेला, शेपटी राहिली.

आमच्या लहानपणच्या छापील पुस्तकांत मराठीतही ‘कां’ असा अनुस्वार असे. तोही नाकातल्या उच्चाराची आठवण म्हणूनच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. लिथुआनियाने शेपटी ठेवली, आपण टिंब पुसलं.

शब्दखोर :
आजोबा, साष्टांग. त्या ‘कां’बद्दल पुरवणी : ज्ञानेश्वरीत ‘कां’ हा ‘किंवा’ या अर्थाने पावलोपावली येतो. एक उपमा झाली की ‘कां’ म्हणून दुसरी, पुन्हा ‘कां’ म्हणून तिसरी. म्हणजे ‘आज का उद्या’मधला का आजकालचा नाही, निदान सातशे वर्षांचा आहे.

सोनचाफा :
वाखुसा (वाचनखूण साठवली).

बाल्टिककडे आलोच आहोत तर माझे दोन. लॅटव्हियनमध्ये ‘का’ म्हणजे ‘की’ : मला माहीत आहे ‘का’ तो आला. शेजारच्या एस्टोनियनमध्ये ‘का’ म्हणजे ‘सुद्धा’. ‘मी पण’ म्हणायचं असेल तर ते म्हणतात ‘मिना का’. माझी एस्टोनियन सहकारी मीटिंगमध्ये सगळ्या प्रस्तावांना ‘मिना का, मिना का’ म्हणून दुजोरा द्यायची आणि पलीकडे बसलेली आमची मीना दर वेळी दचकून ‘काय?’ म्हणायची.

तिरकस :
म्हणजे एस्टोनियनमध्ये ‘+१’ला ‘का’ म्हणतात. @मितभाषी, तुमची भाषा सापडली.

मितभाषी :
का.

जहाजी :
अगागा, हा धागा चुकवला असता तर!

आमच्या जहाजावर निम्मे लोक फिलिपिनो. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, ‘कुमुस्ता का?’ मी मराठीत कान लावून ऐकलं : म्हणजे मी ‘कुमुस्ता’ आहे का? तो शब्द चांगला की वाईट हे कळेना, म्हणून सावधपणे ‘थोडासा’ म्हणालो. तो म्हणाला होता ‘कसा आहेस?’ कुमुस्ता हा स्पॅनिशकडून आलाय आणि तागालोगमध्ये ‘का’ म्हणजे ‘तू’. प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे ‘बा’ करतो. ‘पागोद का बा?’ म्हणजे ‘दमलास का?’ आमच्यातला एक भोजपुरी खलाशी हे ऐकून खूश झाला, कारण त्याच्या भाषेत ‘का बा?’ म्हणजे ‘काय आहे?’ दोघे महिनाभर एकमेकांना ‘का बा’ करत होते आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्याला समजतंय.

स्वाहिलीत ‘का’ सुटा नसतो, क्रियापदाच्या आत बसतो आणि गोष्ट पुढे सरकवतो. ‘निकाएन्दा’ म्हणजे ‘मग मी गेलो’. मोंबासाचा एक म्हातारा नावाडी गोष्टी सांगायचा तेव्हा दर दोन शब्दांनी ‘का’ ऐकू यायचा. मला वाटे हा सारखा प्रश्नच विचारतोय. तो ‘मग... मग... मग...’ म्हणत होता.

हवाईत ‘का’ म्हणजे काहीच नाही! इंग्रजीत नामाआधी ‘द’ लागतं ना, तसा. ‘का ला’ म्हणजे तो सूर्य, ‘का मोआना’ म्हणजे तो समुद्र.

कोऽहम :
जहाजी, स्वाहिलीचा सुटा नाही म्हणून धागालेखिकेच्या अटीत बसत नाही, पण गोष्टीसाठी माफ. हवाईचा क आणखी फसवा. त्यांच्या बऱ्याच ‘क’च्या जागी नात्यातल्या माओरी भाषेत ‘त’ असतो. तिथला ‘तापु’ हवाईत ‘कापु’ होतो. तो ‘का’ आधी ‘ता’च्या घरचा होता असं समजा.

ढगांत_घर :
मेघालयातल्या खासी भाषेत ‘का’ हा स्त्रीलिंगाचा कुंकवाएवढा टिळा आहे. प्रत्येक नामाआधी लागतो : स्त्रीलिंगी असेल तर ‘का’, पुल्लिंगी असेल तर ‘उ’. ‘का स्न्गी’ म्हणजे सूर्य आणि ‘उ ब्नाय’ म्हणजे चंद्र. नीट बघा, सूर्य ती आहे आणि चंद्र तो.

जहाजींचा हवाईचा ‘का ला’ आणि खासीचा ‘का स्न्गी’, दोन्हीकडे सूर्याच्या आधी ‘का’ आणि दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. मला हे फार आवडलं, का ते सांगता येणार नाही.

निवांत_पोपट :
थाई कोणीच कशी आणली नाही? तिथे बायका प्रत्येक वाक्यानंतर ‘का’ म्हणतात, आदर म्हणून. सांगताना खालच्या सुरात, विचारताना वरच्या.

रातराणी :
पोपटराव, तो ‘ख’ आहे. ‘खा’. देवनागरी वाचणाऱ्याने क-ख चा घोळ घालणं शोभत नाही. रोमन लिपीवर विसंबलात. थाईत खरा ‘का’ वेगळा आहे आणि त्याचा अर्थ कावळा.

तिरकस :
कावळ्याने स्वतःच नाव सांगितलं असणार. साक्षीदार तोच, पंच तोच.

निवांत_पोपट :
पोपटाला कावळ्याचं दुखणं काय सांगता. बरं, कोरियन तरी घ्या. औपचारिक प्रश्नाच्या शेवटी ‘क्का’ येतो. ‘काम्निक्का?’ म्हणजे ‘जाता का?’ आणि मलयमध्ये ‘काह’ : ‘बनारकाह?’ म्हणजे ‘खरं का?’ मोजा आता, मराठी, जपानी, कोरियन, मलय. चार भाषा, चौघी शेवटी ‘का’ लावून विचारतात. हे जुळणं जरा जास्तच नाही का?

उंटावरचा_शहाणा :
मी पुन्हा काही बोलत नाही. फक्त हात वर करून उभा आहे.

विश्वाचे_आर्त :
(अवांतर) हात वर करण्यावरून आठवलं. प्राचीन इजिप्तमध्ये ‘का’ म्हणजे माणसाची जीवनशक्ती, आणि त्याचं चित्रलिपीतलं चिन्ह म्हणजे वर उचललेले दोन हात. माणूस मेला तरी त्याचा ‘का’ राहतो म्हणून थडग्यात त्याच्यासाठी अर्पण ठेवत. इकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२१ वं सूक्त, ज्याचं पालुपद ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, कोणत्या देवाला हवी अर्पण करू. पुढे ब्राह्मणग्रंथांनी त्या ‘कोणाला’चंच नाव केलं आणि ‘क’ म्हणजे प्रजापती ठरवला. प्रश्नाचाच देव झाला. तिकडेही अर्पण, इकडेही अर्पण. अंगावर काटा आला.

कोऽहम :
काटा खाली बसवा. इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीतच नसत. दोन व्यंजनं तेवढी माहीत आहेत, त्यांना ‘का’ म्हणणं ही अभ्यासकांची वाचायची सोय आहे. ते लोक प्रत्यक्षात काय म्हणत ते ‘का’ नसण्याचीच शक्यता बरी. सूक्ताचं मात्र बरोबर सांगितलंत.

सोनचाफा :
(अतिअवांतर) ‘का’पेक्षा ‘मामा’ घ्या ना. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, कित्येक भाषांत मामा म्हणजे आई, आणि जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे चक्क बाप! आईला ते म्हणतात ‘देदा’.

तिरकस :
तिथल्या लोकांना मामा बनवणं म्हणजे बढतीच की.

आजोबा_ऑनलाइन :
यावर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी लिहून ठेवलंय. बाळ दूध पिताना तोंड मिटून जो आवाज करतं तो म-चा, त्यात सोपा स्वर मिसळला की ‘मा’. जवळ असलेली माणसं तो आपल्यासाठीच आहे असं धरतात. जॉर्जियात बाप जवळ असावा.

विदावाला :
पोपटरावांच्या ‘जुळणं जरा जास्तच’वर येतो, कारण माझं पोट या असल्या हिशेबांवर चालतं.

जगात सात हजारांच्या आसपास भाषा. ‘क’ आणि ‘आ’ हे ध्वनी त्यातल्या बहुतेक भाषांत आहेत. व्यंजन अधिक स्वर ही अक्षराची बांधणी तर सगळ्यात सोपी. आता झिप्फ नावाच्या माणसाने दाखवलेली गोष्ट जोडा : जे शब्द फार वापरले जातात ते आखूड असतात. प्रश्नाचं चिन्ह, ‘तू’, ‘सुद्धा’, ‘की’, ‘किंवा’ हे प्रत्येक भाषेतले सर्वात राबणारे शब्द. ते सगळे एक-अक्षरी व्हायला धावणार आणि सोपी अक्षरं मोजकीच. म्हणजे सात हजार घरं, प्रत्येक घरात पाचपन्नास एक-अक्षरी नोकर, आणि नावं ठेवायला शंभरेक. प्रत्येक गल्लीत एक ‘का’ सापडणारच. तो न सापडता तर मी दचकलो असतो.

आणि आपण मोजतो कशी? ‘क्का’ही धरला, ‘काह’ही धरला, ‘खा’ही धरायला निघालो होतो. जाळी एवढी सैल ठेवली की काहीही मासा होतो. ज्या भाषांत प्रश्नाला ‘मा’ लागतो त्या कोणी इथे लिहिल्याच नाहीत, कारण धागा ‘का’चा आहे.

लांबलचक शब्दही असे जुळतात. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट आणि इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजेही वाईट, नातं शून्य. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. इंग्रजांकडून घेतलेला शब्द नव्हे, त्यांच्याच ‘गुदागा’सारख्या जुन्या शब्दाची टोकं झिजून तो झाला होता.

उंटावरचा_शहाणा :
म्हणजे आजोबांचा नॉर्वेचा का आपला, जपानचा परका. दिसायला जपानचा जास्त सारखा, वागायलाही तोच. आणि तरी परका. भाषाशास्त्र म्हणजे अजब न्याय.

आजोबा_ऑनलाइन :
अजब नाही हो. नातं चेहऱ्यावरून ठरत नाही, सवयीने होणाऱ्या बदलांवरून ठरतं. नॉर्वेच्या ‘का’बरोबर त्याची भावंडं येतात, कोर, केम, आणि त्या प्रत्येकाचा बदल एकाच नियमाने सांगता येतो. जपानी ‘का’ एकटा येतो. ‘कोण’ला ‘दारे’, ‘कुठे’ला ‘दोको’, ‘काय’ला ‘नानी’. कुटुंबच आलेलं नाही.

कोऽहम :
विदावाल्यांना मोदक. पण एक कोपरा त्यांच्या हिशेबातून सुटतो आणि धाग्याचा मूळ प्रश्न तिथेच आहे, म्हणून परत येतो.

ध्वनी जुळला हा योगायोग, मान्य. पण मराठी ‘का’ आणि जपानी ‘का’ यांच्यात नुसता ध्वनी जुळत नाही. दोघेही होय-नाही विचारतात, दोघेही ‘किंवा’ होतात, दोघेही ‘कोण’च्या शेजारी बसले की अनिश्चितपणा आणतात. तीन कामांची आख्खी मोळी जुळलीय. एवढं जुळणं ध्वनीच्या लॉटरीने होत नाही.

आता मल्याळम बघा. तिथे ‘का’चा ध्वनी नाहीच, ‘ओ’ आहे. ‘अवन् वन्नो?’ म्हणजे ‘तो आला का?’ दोन पर्याय जोडायचे तर दोन्हींना ‘ओ’. ‘आर्’ म्हणजे कोण आणि ‘आरो’ म्हणजे कोणीतरी. तीच मोळी, दोरी वेगळी! पोलिशमध्ये ‘चि’ : वाक्याच्या सुरुवातीला लावला की होय-नाहीचा प्रश्न, मध्ये घातला तर ‘आज चि उद्या’. मलयचा ‘काह’ मात्र ‘किंवा’ होत नाही, त्याला वेगळा ‘अताउ’ आहे. म्हणजे पोपटरावांच्या यादीत ध्वनी जुळणारा मलय मोळीत बसत नाही, आणि ध्वनी न जुळणारं मल्याळम पूर्ण बसतं, पोलिश निदान दोन कामांपुरतं.

मला वाटतं कारण साधं आहे. ‘येतोस का?’ म्हणजे ‘येतोस का नाही?’, दोन पर्याय समोर ठेवणं. ‘आज का उद्या?’ म्हणजेही तेच. ‘कोणी का असेना’ म्हणजे सगळे पर्याय समोर ठेवून एकही न उचलणं. काम एकच, म्हणून एकाच शब्दावर पडतं. तो शब्द कुठे ‘का’, कुठे ‘ओ’, कुठे ‘चि’.

रातराणी :
हे पटलं. इतकी वर्षं दोन्ही भाषांत ये-जा करतेय, ‘का’ आला की हात आपोआप चालतो. तो का चालतो ते आज कळलं.

शब्दखोर :
मग आपला कारण विचारणारा ‘का’ मोळीबाहेरचा. मैत्रिणींचं भांडण नेमकं त्याने लावलं. टिंब गेल्यावर तो गर्दीत मिसळला.

आजोबा_ऑनलाइन :
टिंबाने हे भांडण सुटलं असतं असं वाटत नाही, आम्हीही टिंबं हवी तशी देत होतो. आवाजाने सुटलं असतं. सुरामुळे वाक्याचा अर्थ पालटतो त्याला संस्कृत साहित्यशास्त्रात शब्द आहे : काकु. शब्द तेच, काकु बदलली की होकाराचा नकार होतो, सांगणं असेल तर विचारणं होतं. आमच्या प्राध्यापकांनी हे शिकवलं तेव्हा वर्गात कोणीतरी ‘आणि काका?’ विचारलं होतं. तो मीच.

तिरकस :
आजोबा, आपलं जमणार.

अक्षरवेडी :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धाग्याची लिंक मैत्रिणीला पाठवली. वर लिहिलं, ‘वाच म्हणजे कळेल मी नाही का म्हणाले.’ पाठवल्यावर लक्षात आलं की हेही दोन प्रकारे वाचता येतं.

तिने सगळं वाचलं असावं, कारण तासाभराने उत्तर आलं. फक्त दोन शब्द : ‘असं का’. पुढे प्रश्नचिन्ह नाही, उद्गारचिन्ह नाही, पूर्णविरामसुद्धा नाही.

आता हे नवल की धमकी?

रातराणी :
जपानीत असतं तर उतरत्या सुरातलं ‘सोओ का’ धरलं असतं. कळलं, मिटलं.

शब्दखोर :
शब्द लांबवलेला नाही. नवलच.

निवांत_पोपट :
पूर्णविराम नाही ही शुभ खूण आहे. राग असता तर नक्की टिंब दिलं असतं.

उंटावरचा_शहाणा :
टिंब १९६२ लाच काढलं ना.

मितभाषी :
फोन करा.